गाठ एक, नावे अनेक : लाळग्रंथींच्या अर्बुदांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी एक गाठ येते. ती दुखत नाही, लाल होत नाही, तिच्यामुळे ताप येत नाही. दाढी करताना किंवा केस विंचरताना हाताला लागते, तेवढीच. घरात कुणी चरबीची गाठ म्हणते, कुणी दाढेला दोष देते, आणि वर्ष-दोन वर्षे अशीच जातात. शेवटी माणूस डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा त्याचा एकच प्रश्न असतो : ‘कॅन्सर तर नाही ना?’ बऱ्याच अवयवांच्या बाबतीत या प्रश्नाला हो किंवा नाही एवढे उत्तर मिळाले की पुढची वाट पुष्कळशी ठरते. लाळग्रंथींच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. ‘कॅन्सर नाही’ असा निर्वाळा मिळालेली गाठ अपुरी काढली गेली, तर दहा-पंधरा वर्षांनी त्याच जागी अनेक गाठींच्या रूपात परत येऊ शकते. ‘कॅन्सर आहे’ असा अहवाल आलेली दुसरी एखादी गाठ नीट काढली, तर बहुधा पुन्हा कधीच त्रास देत नाही. तिसरी पाच वर्षे अगदी शांत राहते आणि पंधराव्या वर्षी फुप्फुसात सापडते. तिघींची भवितव्ये वेगळी, कारण तिघींची जात वेगळी. ही जात ओळखायची कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘तोंडाचा कॅन्सर’ म्हटले की तंबाखू, मावा, गुटखा आठवतो. ते स्वाभाविकच आहे. आपल्याकडच्या रुग्णालयांतले वास्तव तसेच आहे. लाळग्रंथींच्या गाठींची गोष्ट मात्र निराळी. तंबाखूशी ठळक नाते आहे ते वॉर्थिन ट्यूमर या सौम्य गाठीचे, आणि तेही मुख्यतः धूम्रपानाशी. किरणोत्साराचे नाते नीट सिद्ध झालेले आहे. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुबाँबमधून वाचलेल्यांत लाळग्रंथींच्या गाठी वाढल्याचे दिसले. इस्रायलमध्ये एके काळी डोक्यातल्या नायट्यावर किरणोपचार झालेल्या मुलांतही पुढे त्या वाढल्या. एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचा एपस्टाइन-बार विषाणूशी संबंध आहे, आणि तो आर्क्टिक प्रदेशातल्या इनुइट लोकांत व दक्षिण चीनमध्ये जास्त आढळतो. पण बहुसंख्य रुग्णांत असे कोणतेही कारण सापडत नाही. निर्व्यसनी माणसाला ‘तुम्ही काय खात होता?’ असे विचारून अपराधी वाटायला लावू नये, एवढे तरी या माहितीतून घ्यावे.

हा रोग विरळा आहे. लाळग्रंथींचे कर्करोग जगात वर्षाला लाखात साधारण एका माणसाला होतात. डोके आणि मान या भागातल्या एकूण कर्करोगांत त्यांचा वाटा काही टक्क्यांचाच. आणि या मूठभर रुग्णांत प्रकार मात्र कमालीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या वर्गीकरणात घातक प्रकारच वीसहून अधिक आहेत, सौम्य प्रकार निराळे. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर यांतले काही प्रकार उभ्या कारकिर्दीत एकदाच येतील, काही येणारही नाहीत. जे क्वचित दिसते ते अनुभवाने शिकता येत नाही. ते इतरांच्या अनुभवातून, म्हणजे वाचूनच शिकावे लागते. पुढच्या प्रकरणांचे प्रयोजन हेच.

विविधता एवढी का, याचे उत्तर ग्रंथीच्या रचनेत आहे. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढची पॅरॉटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय टाळू, ओठ, गालाची आतली बाजू, जिभेचे मूळ या सर्व ठिकाणी मिळून ६०० ते १००० छोट्या ग्रंथी पसरलेल्या असतात. ग्रंथी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की द्राक्षाच्या घडासारखी मांडणी दिसते : टोकाला लाळ तयार करणाऱ्या पेशींचे मणी, आणि त्यांना जोडणाऱ्या, पुढे रुंद होत जाणाऱ्या नलिका. या मण्यांना बाहेरून कवटाळून बसलेल्या मायोएपिथेलियल पेशी आकुंचन पावून लाळ पुढे ढकलतात. या पेशींचा स्वभाव बहुरूपी आहे. गाठीत त्या लांबट होतात, गोल होतात, पारदर्शक होतात, भोवती श्लेष्मल किंवा कूर्चेसारखा पदार्थही तयार करतात. एकाच गाठीच्या एका कोपऱ्यात कूर्चा आणि दुसऱ्या कोपऱ्यात नलिका दिसण्याचे गूढ या पेशींपाशी उलगडते.

जागेलाही अर्थ आहे. ढोबळ हिशेब असा सांगतात की ८० टक्के गाठी पॅरॉटिडमध्ये, पॅरॉटिडच्या गाठींतल्या ८० टक्के सौम्य, आणि त्या सौम्य गाठींतल्या ८० टक्के प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ घातक असण्याची शक्यता जास्त. पॅरॉटिडमध्ये घातक गाठींचे प्रमाण साधारण पाचात एक, जबड्याखालच्या ग्रंथीत निम्म्याच्या आसपास, तर जिभेखालच्या ग्रंथीत बहुसंख्य. टाळूवर एका बाजूला आलेला, न दुखणारा टणक फुगवटा म्हणूनच दंतवैद्याने दाताचे गळू समजून चिरू नये. याउलट पॅरॉटिडमधली प्रत्येक गाठ पॅरॉटिडचीच असते असेही नाही. या ग्रंथीच्या आत लसीकाग्रंथी असतात. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या त्वचेचे कर्करोग तिथे पसरतात, आणि आपल्या देशात क्षयरोगही तिथे घर करतो. पॅरॉटिडच्या मधूनच चेहऱ्याची हालचाल करणारी नस जाते आणि पाच प्रमुख शाखांत विभागते. डोळा मिटणे, हसणे, पाणी पिताना ओठ आवळणे हे सगळे तिच्यावर अवलंबून. शस्त्रक्रिया किती मोठी करायची हा प्रश्न म्हणून इथे माणसाच्या चेहऱ्याचा प्रश्न असतो.

आता या गाठींना नावे कशी मिळत गेली ते थोडक्यात पाहू. १८५३ मध्ये रोबँ आणि लाबुल्बेन या फ्रेंच अभ्यासकांनी, आणि त्याच दशकात थिओडोर बिलरोट या शल्यविशारदाने, आज ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाठीची वर्णने केली. बिलरोटला तिच्यात दंडगोलासारख्या आकृत्या दिसल्या, म्हणून त्याने तिला ‘सिलिंड्रोमा’ म्हटले. हे नाव शंभर वर्षे टिकले. गोंडस नावामुळे ही गाठ निरुपद्रवी आहे असा समज मात्र पुष्कळ काळ राहिला. कूर्चा आणि नलिका एकत्र दिसणारी गाठ, म्हणजे आजचा प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, दोन वेगळ्या ऊतकांपासून झालेली असणार, असे वाटून तिला ‘मिश्र गाठ’ म्हणत. दोन्ही घटक एकाच मूळ पेशीकुळातले आहेत हे नंतर कळले. मिशिगनच्या आल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९२९ मध्ये वर्णिलेल्या गाठीला त्यांचेच नाव चिकटले.

खरी शिस्त आली ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधून. १९४५ मध्ये स्ट्युअर्ट, फूट आणि बेकर यांनी म्युकोएपिडर्मॉइड गाठ वेगळी काढली. १९५३ मध्ये फूट आणि फ्रेझेल यांनी मोठ्या लाळग्रंथींच्या साडेआठशेहून अधिक गाठींचा आढावा घेतला आणि प्रत्येक प्रकाराची सांगड रुग्णाचे पुढे काय झाले याच्याशी घातली. आजच्या वर्गीकरणाचा सांगाडा त्या निबंधात दिसतो. पुढे हॅम्बर्गमध्ये गेर्हार्ड झाइफर्ट यांनी लाळग्रंथींच्या गाठींची मोठी नोंदवही उभी केली. जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले वर्गीकरण १९७२ मध्ये आले. दुसरे १९९१, तिसरे २००५, चौथे २०१७ आणि पाचवे २०२२ मध्ये.

पहिल्या दोन वर्गीकरणांमधला एक बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७२ मध्ये म्युकोएपिडर्मॉइड आणि ॲसिनिक सेल या दोन्ही गाठींना ‘ट्यूमर’ एवढेच म्हटले होते. १९९१ मध्ये दोघींना ‘कार्सिनोमा’ ठरवले गेले. मधल्या वर्षांत पेशी बदलल्या नव्हत्या, स्लाइडही त्याच होत्या. ज्या रुग्णांच्या गाठी सौम्य दिसल्या होत्या त्यांतल्या काहींचा आजार परत आला, काहींच्या लसीकाग्रंथींत पसरला, आणि ते नोंदवहीत उतरले. वर्गीकरण सुधारले ते रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा झाला म्हणून. या क्षेत्रातले प्रत्येक नवे नाव याच कसोटीला लावावे, असे माझे मत आहे : या नावामुळे रुग्णाविषयीचे आपले भाकीत किंवा त्याचे उपचार बदलतात का? बदलत असतील तर ते नाव हवे. बदलत नसतील तर ती संशोधकांच्या सोयीची नोंद आहे, आणि तेवढ्याच मानाने ती वापरावी.

रुग्णाच्या वाटेने चालायचे तर पहिला टप्पा तपासणाऱ्या बोटांचा. गाठ हलते की खोल रुतली आहे, चेहऱ्याची एक बाजू कमजोर झाली आहे का, मानेत आणखी गाठी आहेत का, हे पाहिल्यावरच यंत्रांकडे जावे. सोनोग्राफी स्वस्त, सुरक्षित आणि वरवरच्या गाठींसाठी उत्तम. खोल भागातली गाठ, टाळूवरची गाठ किंवा नसेच्या मार्गाने होणारा प्रसार पाहायला एमआरआय लागतो. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा एमआरआयच्या टी-२ चित्रात बहुधा लख्ख उजळ दिसतो. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नसेचा माग काढत कवटीच्या तळाशी पोहोचला असेल, तर तेही तिथेच दिसते. पेट स्कॅनबाबत मात्र जपून राहावे. वॉर्थिन ट्यूमर पूर्ण सौम्य असूनही पेटमध्ये झगमगतो, आणि दुसऱ्याच कुठल्या कर्करोगासाठी स्कॅन केलेल्या रुग्णाला विनाकारण घाबरवून सोडतो.

मग येते सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या. उघड्या शस्त्रक्रियेने पॅरॉटिडच्या गाठीचा तुकडा काढणे सहसा टाळतात, कारण त्यात नसेला धोका असतो आणि गाठीच्या पेशी आजूबाजूला सांडू शकतात. सुईत हे धोके नगण्य. कमी खर्चामुळे आपल्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी चांगली रुजली आहे, आणि ती करणारे कुशल हातही आहेत. अडचण होती ती अहवालाच्या भाषेची. एक जण ‘संशयास्पद’ लिही, दुसरा ‘नाकारता येत नाही’ म्हणे, तिसरा लांबलचक वर्णन करून निष्कर्ष सर्जनवर सोडी. २०१५ मध्ये मिलानमध्ये जमलेल्या पेशीतज्ज्ञांनी यावर एक समान पद्धत ठरवायला घेतली आणि २०१८ मध्ये ‘मिलान पद्धती’चे पुस्तक आले, २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

मिलान पद्धतीत सहा गट आहेत : नमुना अपुरा, अर्बुद नसलेला दाह वगैरे, अर्थ अनिश्चित, अर्बुद, घातकतेचा संशय, आणि घातक. चौथ्या गटाचे दोन पोटविभाग आहेत : नक्की सौम्य, आणि अर्बुद आहे पण सौम्य की घातक हे सुईवरून सांगता येत नाही असा. प्रत्येक गटामागे धोक्याचा अंदाज दिलेला आहे. नक्की सौम्य म्हटलेल्या गाठींत पुढे कर्करोग निघण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, ‘सांगता येत नाही’ या पोटविभागात साधारण तिनात एक, आणि घातक गटात नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त. या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे मला त्या ‘सांगता येत नाही’ पोटविभागात दिसते. पेशींनी गच्च भरलेला प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, बेसल सेल ॲडिनोमा आणि ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे तिन्ही सुईच्या पसरलेल्या पेशींत हुबेहूब एकसारखे दिसू शकतात. अशा वेळी छातीठोक नाव लिहिणाऱ्यापेक्षा ही मर्यादा मोजून-मापून लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट सर्जनच्या जास्त उपयोगाचा.

पेशींचा चेहरा इथे दगा का देतो? बहुतेक अवयवांत घातक पेशी बेढब, गडद, वेगाने विभागणाऱ्या असतात. लाळग्रंथींत पुष्कळ कर्करोगांच्या पेशी शांत, एकसारख्या आणि सभ्य दिसतात. निदान ठरते ते गाठीच्या सीमेवर. गाठ आपल्या आवरणात आहे की शेजारच्या चरबीत, स्नायूत, नसेत शिरली आहे? बेसल सेल ॲडिनोमा आणि बेसल सेल ॲडिनोकार्सिनोमा यांच्यात पुष्कळदा एवढाच फरक असतो. म्हणून काढलेली गाठ प्रयोगशाळेत कशी हाताळली जाते याला असाधारण महत्त्व आहे. मधला देखणा भाग मेणात बसवून दोन ब्लॉक बनवले आणि कडा टाकून दिल्या, तर सीमाच हरवते. मग कितीही महागडी जनुकीय तपासणी केली तरी ती सीमा परत मिळत नाही. या पुस्तकात नमुना कापण्याच्या आणि निवडण्याच्या पद्धतीला स्वतंत्र जागा दिली आहे, ती याच कारणाने.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली मोठी उलथापालथ गुणसूत्रांच्या पातळीवर झाली. लाळग्रंथींच्या अनेक गाठींत दोन गुणसूत्रे ठरावीक ठिकाणी तुटतात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि दोन जनुके एकमेकांना जोडली जाऊन नवेच संयुक्त जनुक तयार होते. १९९७ मध्ये प्लिओमॉर्फिक ॲडिनोमातले प्लॅग१ हे जनुक सापडले. काही गाठींत त्याऐवजी एचएमजीए२ बदललेले असते. २००३ मध्ये म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमातला सीआरटीसी१–एमएएमएल२ हा संयोग उलगडला. २००९ मध्ये गोथेनबर्गच्या योरान स्टेनमन यांच्या गटाने ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमातला एमवायबी–एनएफआयबी संयोग दाखवला. २०११ मध्ये क्लिअर सेल कार्सिनोमातला ईडब्ल्यूएसआर१–एटीएफ१ सापडला, आणि २०१४ मध्ये पॉलिमॉर्फस ॲडिनोकार्सिनोमातले पीआरकेडी१ जनुकातले एका ठरावीक जागचे उत्परिवर्तन. एवढ्या लहान क्षेत्रात जनुकीय खुणांचे इतके पीक क्वचितच आले असेल.

यांतले एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या शास्त्राची पद्धत पूर्ण दिसते. ॲसिनिक सेल कार्सिनोमा ही गाठ लाळ बनवणाऱ्या मण्यांच्या पेशींसारखी दिसते. तिच्या पेशींत पाचक द्रव्यांचे निळसर कण असतात. पण या नावाखाली ठेवलेल्या काही गाठींत ते कण जवळजवळ नसत. त्यांच्या पेशी गुलाबी, बुडबुडेदार असत आणि पोकळ्यांत स्राव साठलेला असे. वर्षानुवर्षे त्यांना ‘कणविरहित ॲसिनिक सेल’ म्हणून त्याच खणात टाकले जाई. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनच्या आलेना स्कालोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे चित्र स्तनाच्या एका विरळ कर्करोगाशी, सिक्रेटरी कार्सिनोमाशी, जुळणारे वाटले. त्या स्तनकर्करोगात ईटीव्ही६–एनटीआरके३ हा जनुकसंयोग असतो हे आधीच ठाऊक होते. त्यांनी या लाळग्रंथींच्या गाठींत तो शोधला, आणि तो सापडला. १६ गाठींवरचा त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी जुन्या ब्लॉकांच्या पेट्या उघडल्या. पॅरॉटिडबाहेर ‘ॲसिनिक सेल’ म्हणून नोंदलेल्या गाठींतल्या पुष्कळशा प्रत्यक्षात सिक्रेटरी कार्सिनोमा निघाल्या. २०१७ च्या वर्गीकरणात हे नाव रीतसर दाखल झाले.

तोवर हा प्रश्न फक्त पॅथॉलॉजिस्टांचा होता, कारण दोन्ही गाठींवरचा पहिला उपचार शस्त्रक्रियाच. पण ईटीव्ही६–एनटीआरके३ हे जोडजनुक एक सतत चालू राहणारे प्रथिन बनवते, आणि ते प्रथिन बंद पाडणारी औषधे तयार होत होती. २०१८ च्या आरंभी लॅरोट्रेक्टिनिब या औषधाचे निष्कर्ष आले : एनटीआरके संयोग असलेल्या १७ प्रकारच्या कर्करोगांच्या ५५ रुग्णांपैकी ७५ टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय आकसल्या. लाळग्रंथींचे रुग्ण त्यात ठळक संख्येने होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, आणि तीही अवयव न पाहता, जनुकसंयोग पाहून. २०१० मध्ये केवळ अचूकतेपोटी केलेली विभागणी आठ वर्षांनी उपचाराचे दार ठरली. सिक्रेटरी कार्सिनोमाचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे होतात आणि औषध लागते ते परत आलेल्या किंवा पसरलेल्या आजारातल्या थोड्यांना, हेही इथे सांगितले पाहिजे. पण त्या थोड्यांसाठी योग्य नावच आयुष्य वाढवणारे ठरते.

या विभागणीची दुसरी बाजूही फळली. सिक्रेटरी गाठी वेगळ्या काढल्यावर उरलेला ॲसिनिक सेल कार्सिनोमा जास्त शुद्ध झाला. २०१९ मध्ये जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात त्यात एनआर४ए३ हे जनुक गुणसूत्रांच्या फेरबदलामुळे अवास्तव चेतवले जाते, असे दिसले. या शोधाचे मोल आपल्यासारख्या देशात अधिक आहे. कारण एनआर४ए३ चे प्रथिन साध्या इम्युनो रंगाने स्लाइडवरच दिसते, जनुकक्रम वाचणारे यंत्र लागत नाही. सिक्रेटरी कार्सिनोमासाठी एस१००, मॅमाग्लोबिन आणि पॅन-टीआरके हे रंगही असेच उपयोगी. जनुकाचा शोध रंगाच्या बाटलीत उतरला, की तो महानगराबाहेर पोहोचतो.

जनुकांनी सगळे सोपे केले, असा मात्र समज करून घेऊ नये. प्लॅग१ किंवा एचएमजीए२ मधला बदल सौम्य प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात असतो, आणि त्याच गाठीचे पुढे कर्करोगात रूपांतर झाले तरी तो तसाच राहतो. म्हणजे तो गाठीचे कूळ सांगतो, तिची वर्तणूक सांगत नाही. वर्तणूक पुन्हा सीमेवरच पाहावी लागते. ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक एकाहून अधिक प्रकारच्या गाठींत तुटलेले आढळते. म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाच्या बऱ्याच गाठींत एमएएमएल२ चा संयोग नसतोही. असला तर निदानाला बळ मिळते, नसला म्हणून निदान खोटे ठरत नाही. जनुकीय अहवाल हा साक्षीदार आहे. निकाल स्लाइड, जागा आणि रुग्णाचा इतिहास यांच्यासह मिळूनच द्यायचा.

उपचार आणि वर्गीकरण यांची गाठ आणखी एका प्रकारात घट्ट बसली आहे. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा, १९६८ मध्ये क्लाइनझासर यांनी वर्णिलेला, सूक्ष्मदर्शकाखाली स्तनाच्या नलिकांच्या कर्करोगासारखाच दिसतो आणि तसाच आक्रमकही असतो. त्याच्या बहुतेक गाठींत पुरुषसंप्रेरकाचा ग्राही असतो, आणि लक्षणीय हिश्शात हर२ हे प्रथिन वाढलेले असते. दोन्हींवर नेम धरणारी औषधे स्तन आणि प्रोस्टेटच्या कर्करोगांसाठी आधीपासून वापरात होती. आता ती इथे उपयोगी पडत आहेत. या निदानाच्या अहवालात या दोन तपासण्यांचा निष्कर्ष नसेल, तर तो अहवाल अपुरा समजावा. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाबाबत मात्र अजून तसे सुदैव नाही. त्याचे मूळ जनुक कळून दीड दशक होऊन गेले, तरी त्यावर भरवशाचे औषध हाती आलेले नाही. जो नसांच्या बाजूने सरकतो आणि पंधरा-वीस वर्षांनीही परततो, त्याच्या रुग्णाला ‘पाच वर्षे झाली, आता या नका’ असे कधीही सांगू नये.

काही वाद मुद्दाम मिटवलेले नाहीत. पॉलिमॉर्फस ॲडिनोकार्सिनोमा आणि जिभेच्या मुळाशी विशेष आढळणारा त्याचा चाळणीदार भाऊबंद हे एकाच आजाराचे दोन चेहरे की दोन आजार, यावर तज्ज्ञांत दोन पक्ष आहेत. पहिल्यात बहुधा पीआरकेडी१ चे उत्परिवर्तन, दुसऱ्यात पीआरकेडी कुळातल्या जनुकांचे संयोग. दुसऱ्याचा मानेच्या लसीकाग्रंथींत प्रसार जास्त. वर सांगितलेली कसोटी लावली तर, मानेची शस्त्रक्रिया करायची की नाही हे ज्या माहितीवर ठरते ती अहवालात आली पाहिजे, मग नाव एक ठेवा की दोन. म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाची श्रेणी ठरवण्याच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत, आणि एकच गाठ एका पद्धतीने मध्यम तर दुसरीने उच्च ठरते. पद्धत कोणतीही वापरा, ती कोणती हे अहवालात लिहा.

हे पुस्तक पदव्युत्तर विद्यार्थी, पॅथॉलॉजिस्ट, कान-नाक-घसा सर्जन, दंतवैद्य आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्यासाठी आहे, पण उत्सुक सामान्य वाचकालाही पहिली काही प्रकरणे अवघड जाऊ नयेत. विद्यार्थ्यांनी थेट जनुकांच्या प्रकरणाकडे उडी मारू नये. आधी निरोगी पॅरॉटिडची स्लाइड शांतपणे पाहावी; मणी, नलिका आणि मायोएपिथेलियल पेशी ओळखता आल्या की पुढची निम्मी वाट सोपी होते. ज्यांच्याकडे महागड्या तपासण्या नाहीत त्यांनीही खचून जाऊ नये. या गाठींपैकी बहुसंख्य आजही साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर आणि दोन-चार इम्युनो रंगांवर ओळखता येतात. उरलेल्या थोड्यांसाठी ब्लॉक मोठ्या केंद्राकडे पाठवणे यात कमीपणा काही नाही.

सर्जन मित्रांना तीन विनंत्या आहेत. गाठ पूर्ण आणि तिच्या कडांसह पाठवा. सोबतच्या कागदावर जागा, कालावधी, नसेची अवस्था आणि पूर्वीची शस्त्रक्रिया लिहा. ‘गाठ, कृपया तपासा’ एवढे पुरत नाही. आणि रुग्णाचे पुढे काय झाले ते दहा वर्षांनीसुद्धा प्रयोगशाळेला कळवा. पॅथॉलॉजिस्टांना एकच विनंती : ब्लॉक जपून ठेवा. फूट आणि फ्रेझेल यांचा आढावा आणि सिक्रेटरी कार्सिनोमाचा जुन्या पेट्यांतला शोध, दोन्ही शक्य झाले ते कुणीतरी आधी नमुने आणि नोंदी सांभाळल्या होत्या म्हणून. पुढचे वर्गीकरण आज तुमच्या कपाटात असलेल्या ब्लॉकांवरच लिहिले जाणार आहे.